मान कोणाचा? धावीरची पालखी, रायगडचा राज्याभिषेक आणि चवदार तळं

पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा. रोहा-अष्टमीकरांनी तर नक्की वाचा, कारण विषय आपल्या घरचा आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे जे घडतं ते बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याचा पटकन विश्वास बसत नाही. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघायची वेळ होते, देवळासमोर पोलिसांची तुकडी बंदुका घेऊन उभी राहते आणि देवाला सशस्त्र सलामी देते. मग पालखी हलते. रात्रभर गावात फिरते. आळ्या-आळ्यांत रांगोळ्या, तोरणं, दारात आरतीचं ताट घेऊन उभी असलेली माणसं. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली पोरं दिवाळीला एकवेळ येणार नाहीत, पण पालखीला येतात.

सलामीची पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इंग्रज गेले, कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, पोलिसांचे गणवेश बदलले, सलामी चालूच राहिली. आपल्याला तिचा अभिमान आहे आणि असावाच. पण त्या सलामीत एक प्रश्न दडलेला आहे आणि आजची पोस्ट त्याच्यावर आहे. सलामी म्हणजे मान. हा मान देतो कोण, घेतो कोण आणि तो देता-घेता यावा म्हणून मागे राबतो कोण?

नुसत्या धावीरच्या पालखीपुरता हा प्रश्न नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षभरात जे मोठे दिवस साजरे होतात त्यांची यादी काढा. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक दिन. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाड. २५ सप्टेंबरला चिरनेर. २७ ऑक्टोबरला चरी. एकेका दिवसाचा इतिहास उघडून बघितला की आत मानाचीच भांडणं सापडतात.

मान म्हणजे नेमकं काय?

कोकणातल्या कुठल्याही गावकीत हा शब्द रोजच्या वापरातला. मानाचा नारळ, मानाचा विडा, मानकरी, पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीची पूजा आधी कोणाच्या हातची, आरतीचं ताट आधी कोणापुढे. यावरून शिमग्यात डोकी फुटल्याच्या आणि वर्षानुवर्षं पालखी बंद पडल्याच्या गोष्टी तळकोकणापासून आपल्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतात. बाहेरच्याला वाटतं, काय हा वेडेपणा, एका नारळासाठी! पण भांडण नारळाचं कधीच नव्हतं. गावात आपली जागा कोणती, हे वर्षातून एकदा सगळ्यांसमोर ठरायचं. कागदावर लिहिलेलं नसायचं. कोण कुठे उभा राहिला यावरून पोराबाळांना कळायचं.

या मानाला दोन बाजू आहेत. एक हक्काची, दुसरी वेठीची. पाटलाचा, खोताचा मान हा हक्क होता. पण वाद्यं वाजवणारा, मशाल धरणारा, लाकडं फोडून आणणारा, मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेणारा, यांनाही गाव म्हणायचं, ‘हा तुमचा मान’. तो मान नाकारायची सोय नव्हती. नाकारला तर गावाने वाळीत टाकायचं. म्हणजे शब्द एकच, पण एकाच्या पदरात विडा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं. हे दोन मान वेगळे करून बघितले की आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातल्या बऱ्याच गोष्टी सुटसुटीत होतात.

अष्टमीच्या धक्क्यावरून रायगडाकडे

आधी आपल्याच गावापासून सुरुवात करू. आज अष्टमी म्हटलं की रोह्याचं जोडगाव, नदीपलीकडची वस्ती. १८६६ साली इंग्रजांनी नगरपालिका दिली तीही दोघांत मिळून एक आणि नाव आजही जोडीनेच घेतलं जातं, रोहा-अष्टमी. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी परदेशी माणसाच्या लेखी अष्टमी हा रायगडाच्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा होता.

मे १६७४. हेन्री ऑक्झिंडन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी दोन इंग्रज सोबती आणि नारायण शेणवी हा दुभाषा घेऊन मुंबईहून निघाला. शिवाजी महाराजांशी तह करायचा होता. होडीने चौलला आला. चौल तेव्हा पोर्तुगीजांचं. तिथून कुंडलिकेच्या खाडीतून वर आला आणि अष्टमीला उतरला. त्याच्या टिपणात अष्टमीचं नाव ‘एस्थेमी’ असं उमटलंय. इथून पुढे खुष्कीचा रस्ता. निजामपूर, गांगवली करत तो पाचाडला पोचला आणि तिथून गडावर गेला.

जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. रेवदंड्याच्या खाडीत शिरायचं, भरतीच्या पाण्यावर होडी वर घ्यायची आणि पाणी संपेल तिथे उतरायचं. अष्टमीचं महत्त्व या पाण्यात होतं. घाटावरून आणि रायगडाकडून येणारा माल इथे होडीत चढायचा, समुद्रावरून आलेला माल इथे उतरायचा. ऑक्झिंडन अष्टमीला उतरला, कारण त्या वाटेने जाणारा कोणीही इथेच उतरला असता.

ऑक्झिंडनला गडावर थांबून राहावं लागलं, कारण राज्याभिषेकाची तयारी चालू होती. त्याचं टिपण हा त्या सोहळ्याचा डोळ्यांनी बघितलेला वृत्तांत आहे, म्हणून इतिहासकार तो पुन्हा पुन्हा उघडतात. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्याच्या टोकावर मोठ्या दातांची सोन्याची माशांची डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू. दारात दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे. हत्ती एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. तो दरबारात लांब उभा होता. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात वर करून दाखवली, महाराजांचं लक्ष गेलं, त्यांनी जवळ बोलावलं, वस्त्रं दिली आणि निरोप दिला. कंपनीचा माणूस सिंहासनापासून किती अंतरावर उभा राहणार, हे त्या दिवशी रायगडाने ठरवलं.

आणि एक खाटीक आहे त्या टिपणात. पाहुण्या इंग्रजांना रोज मटण लागायचं. ते पुरवणारा म्हातारा खाटीक एवढं मांस खाणारी माणसं आहेत तरी कशी, हे बघायला मुद्दाम गड चढून आला. सोन्याच्या तराजूइतकाच मला हा खाटीक महत्त्वाचा वाटतो. सोहळ्याच्या मागे राबणारा माणूस जुन्या कागदांत क्वचित दिसतो, इथे तो दिसतो, पण त्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आता मानाचा मुद्दा. राज्य होतं, किल्ले होते, आरमार होतं, सुरत दोनदा लुटून झाली होती. तरीही राजा म्हणून अभिषेक करायचा तर प्रश्न उभा राहिला की यांना तो अधिकार आहे का? काशीच्या गागाभट्टांना यावं लागलं. अभिषेकाआधी काही दिवस महाराजांची मुंज झाली, त्याच राण्यांशी पुन्हा विधिपूर्वक लग्नं लागली आणि मग ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६ ला अभिषेक. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरींनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला. ज्याच्या तलवारीपुढे विजापूर वाकलं त्यालाही मानासाठी विधीच्या दारातून जावं लागलं. मग साध्या माणसाची काय कथा?

हा दिवस ‘उत्सव’ कधी झाला?

आपल्याला वाटतं हे सगळं तेव्हापासून अखंड चालत आलंय. तसं नाही. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांनी घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षं गड ओस होता, समाधीची देखभाल नव्हती. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी महाराजांवरचा पोवाडा छापून त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून लोकांपुढे आणलं. मग १८९५ साली टिळकांनी समाधीसाठी फंड गोळा करायची चळवळ उभी केली आणि एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर मोठा शिवाजी उत्सव झाला. त्याच्या दोनतीन वर्षं आधी पुण्यात सार्वजनिक गणपती सुरू झाले होते. आज ज्याला आपण सार्वजनिक उत्सव म्हणतो, वर्गणी, मंडप, मिरवणूक, व्याख्यानं, तो साचा त्याच दहा वर्षांत घडला.

म्हणजे बघा, एकच राजा. फुले त्याच्यात कुळवाड्यांचा राजा बघतात, टिळक स्वराज्याची प्रेरणा बघतात. आज गडावर ६ जूनला तारखेप्रमाणे एक सोहळा होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीप्रमाणे दुसरा. तारीख की तिथी, हा वाद फक्त पंचांगाचा नाही. सोहळा कोणाचा, पुढे कोण उभं राहणार, हे त्यात आहे. यात वाईट काहीच नाही. उत्सव जिवंत असतो तोवर त्याच्यावर हक्क सांगणारे अनेक असणारच. फक्त ‘हे असंच होतं’ असं कोणी ठणकावून सांगायला लागलं की विचारावं, कधीपासून?

‘कधीपासून’ हा प्रश्न महाडने कोर्टात विचारला

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात एकदा खरोखरच हायकोर्टापर्यंत गेला होता. कोणाला आठवतंय का बघा.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांनी ठराव आणला, सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सरकारी, नगरपालिकेच्या ताब्यातल्या विहिरी, तळी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने, सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना, १९२४ साली आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पाणी मात्र कोणी प्यायला गेलं नाही. जाणार कसं? गावाचा मान आडवा होता.

मग १९ आणि २० मार्च १९२७. महाडला परिषद भरली. तिचं नाव नीट वाचा: कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. ती नुसती महाडची नव्हती, आपल्या आख्ख्या जिल्ह्याची होती. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी गावोगाव फिरून ती उभी केली होती. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस असे स्पृश्य सहकारी सोबत होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे आणि मागे दोन-तीन हजार माणसं, शिस्तीत रांगेने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायलं. मागोमाग सगळ्यांनी.

त्यानंतर काय झालं हे आपण सहसा सांगत नाही. गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. वीरेश्वर म्हणजे महाडचं ग्रामदैवत, आपल्याला धावीर तसा त्यांना वीरेश्वर. तेवढ्या आवईवर जमाव चालून आला. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांना मारहाण झाली. नंतर तळ्यात पंचगव्य घालून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

त्याच परिषदेत मेलेली जनावरं ओढायची नाहीत, मृत मांस खायचं नाही, असंही ठरलं होतं. पाण्याचा हक्क मागितला हे सगळ्यांना माहीत आहे, पण वेठीचा मान त्याच दिवशी परत केला हे कमी लोकांना माहीत असतं. दुसरी गोष्ट गावांना जास्त झोंबली, कारण पाणी पिणारा वर्षातून एकदा दिसतो, पण वेठीला न येणारा रोज दिसतो. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. त्याचा मुळारंभ या ठरावांत दिसतो.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. पण तळं खाजगी आहे असा दावा करून विरोधकांनी कोर्टाकडून मनाई मिळवली. मंडपासाठी जागा मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी बोटीने दासगावला उतरले. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र कोर्टाचा मान राखून स्थगित ठेवला.

खटला दहा वर्षं चालला. विरोधकांचं म्हणणं एवढंच की अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: ही रूढी अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही. बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला.

मला हा निकाल आपल्या सगळ्या उत्सवांसाठी महत्त्वाचा वाटतो. ‘परंपरा आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कधीपासून, कोणासाठी, कोणाच्या खर्चाने, हे सांगावं लागतं.

तीच बंदूक, चिरनेरला

आता पुन्हा पोलिसांच्या बंदुकीकडे. धावीर महाराजांना सलामी देणारं सरकार तेच, पण उरण तालुक्यातल्या चिरनेरला त्याचा दुसरा चेहरा दिसला. १९३० साली देशभर कायदेभंग चालू होता. मिठागरांच्या जिल्ह्यात मिठाचा सत्याग्रह झालाच, पण डोंगराच्या पायथ्याच्या लोकांचा खरा जाच होता जंगल कायद्याचा. चुलीला लाकूड, गुराला गवत, सगळ्यावर बंदी आणि दंड. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरजवळ अक्कादेवीच्या माळावर आसपासच्या गावांतली आगरी, कोळी, कातकरी माणसं कोयते घेऊन जंगल सत्याग्रहाला जमली. पोलिसांनी गोळीबार केला. माणसं जागीच पडली. नाग्या महादू कातकरी हे त्यातलं एक नाव. गोळीबारात मामलेदार जोशीही मारले गेले.

आज दर २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि ती देतात पोलीस, हवेत फैरी झाडून. ज्या खात्याच्या गोळीने माणसं मेली त्याच खात्याची तुकडी दरवर्षी तिथे उभी राहून त्यांच्यासाठी बंदूक वर करते. जिल्हा तोच, पोलीस तेच, बंदुकीची दिशा फक्त बदललेली. स्वातंत्र्य म्हणजे काय हे पोरांना पुस्तकातून समजावताना घाम फुटतो. मला वाटतं त्यांना एकदा चिरनेरला नेऊन हे दाखवावं आणि मग दसऱ्यानंतर धावीरची सलामी दाखवावी. देवाला मिळणारा मान एका कातकऱ्यालाही मिळू शकतो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळेल.

चरी: मान परत करणारी पंचवीस गावं

चिरनेरनंतर तीन वर्षांनी अलिबाग तालुक्यात चरीला २७ ऑक्टोबर १९३३ ची सभा झाली. इथलं भांडण खोत-सावकारांशी होतं. खाऱ्या जमिनीला बांध घालायचे शेतकऱ्याने, समुद्र मागे हटवायचा शेतकऱ्याने आणि पिकाचा मोठा वाटा जायचा मालकाच्या घरी. शिवाय फुकटचं राबणं, सणावाराला भेटी पोचवणं, हे वेगळंच. म्हणजे पुन्हा तेच, खोताचा मान आणि कुळाची वेठ.

नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी ठरवलं, जमीन कसायचीच नाही. आपण आज एक दिवसाचा बंद पाळला की मोठी गोष्ट वाटते. हा संप सहा वर्षं चालला, १९३९ पर्यंत. जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, मोलमजुरी केली, उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, पुढे १९३७ मध्ये खोतीविरुद्ध बिलही त्यांनी मांडलं. त्याच वर्षी ‘कृषीवल’ निघालं. संपाच्या शेवटी कुळाला कायद्याने संरक्षण मिळायला सुरुवात झाली आणि पुढच्या कूळकायद्याची वाट इथून गेली. ज्यांच्या सातबाऱ्यावर आज आजोबांचं नाव आहे त्यांच्यापैकी कितीजणांना २७ ऑक्टोबर ही तारीख माहीत आहे?

आता आपल्याकडे बघू

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, पण आमची पालखी तर सगळ्यांची आहे, तिथे कुठे भेदभाव? मान्य. पालखी रात्रभर आळी-आळीतून फिरते ही मोठीच गोष्ट आहे. देव देवळात बसून राहिला असता तर लोकांना त्याच्याकडे जावं लागलं असतं आणि मग दारात कोण थांबणार, आत कोण जाणार, हे प्रश्न आलेच असते. इथे देव स्वतः उठून लोकांच्या दारात जातो. या रिवाजाची किंमत आपण ओळखली पाहिजे.

पण आजच्या उत्सवांत मान कुठे सरकलाय, तेही बघा. पूर्वी तो घराण्यांकडे होता, आता तो फ्लेक्सवर आहे. मंडपाच्या कमानीवर देवापेक्षा मोठे फोटो कोणाचे? देणगीदार, शुभेच्छुक, भावी अमुक, माजी तमुक. वर्गणी देणाऱ्या शे-दोनशे घरांची नावं शोधूनही सापडत नाहीत. ढोलकी, सनई वाजवणारे आपल्याच गावातले कलाकार घरी बसतात आणि डीजेचे पैसे बाहेर जातात. खोताचा मान कायद्याने गेला, पण तो जागा रिकामी ठेवून गेला आणि त्या जागेवर पैसा येऊन बसला.

आणि वेठ? तीही संपलेली नाही, फक्त दिसेनाशी झालीये. विसर्जनाची रात्र आठवा. कुंडलिकेवर आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून घरी जाऊन झोपतो. सकाळी घाट झाडायला कोण येतं? निर्माल्य, प्लास्टिक, थर्माकोल, पाण्यात अडकलेल्या मूर्तींचे तुकडे कोण उचलतं? नगरपरिषदेचे सफाई कामगार. त्यांच्यातले बरेचसे कंत्राटी. रात्रभर खांबावर चढणारे वीज कामगार आणि बंदोबस्ताला उभे पोलीस यांनाही त्या दिवशी सण नाही. मानाचा नारळ यांच्यापैकी कोणाच्या हातात कधी पडलाय का?

मूर्तीचंच घ्या. आपल्या घरातला गणपती बहुधा पेणचा किंवा पेणच्या आसपासचा. हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर घरोघरी हेच काम. इथून मूर्ती देशभर आणि परदेशात जातात. गेली काही वर्षं प्लास्टर ऑफ पॅरिसवरून कोर्टकचेऱ्या चालल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२० चे नियम, बंदी, मग जून २०२५ मध्ये हायकोर्टाने मूर्ती बनवायला दिलेली मुभा, पण नदी-समुद्रात विसर्जन नको. नदी वाचली पाहिजे याबद्दल वाद नाही. पण या सगळ्या गोंधळात कर्ज काढून माल भरून बसलेल्या कारखान्यातल्या माणसाचं काय झालं, हे किती मंडळांनी विचारलं? मंडपात ‘मूर्ती सौजन्य’ म्हणून पैसे देणाऱ्याचं नाव असतं. घडवणाऱ्याचं नाव टाकायला एक ओळ पुरते.

मग करायचं काय?

नुसती तक्रार करून पोस्ट संपवायची नाहीये. चार साध्या गोष्टी सुचवतो. पटल्या तर आपापल्या मंडळाच्या, आळीच्या बैठकीत मांडा.

एक, प्रत्येक मंडळाने आणि उत्सव समितीने एक वही घालावी. या वर्षी वाजवलं कोणी, खांदा कोणी दिला, मंडप कोणी बांधला, जेवण कोणी रांधलं, झाडलं कोणी, मूर्ती कोणी घडवली, सगळी नावं. पन्नास वर्षांनी आपला इतिहास लिहिणाऱ्याला फ्लेक्स मिळणार नाहीत, वही मिळेल. ऑक्झिंडनने खाटकाचं नाव लिहिलं नाही, आपण तरी लिहू.

दोन, उत्सव संपल्यावर पहिली आरती सफाई कामगारांच्या हातून व्हावी. एकदा करून बघा. खर्च शून्य आहे.

तीन, अष्टमीच्या नदीकाठी एक साधा फलक लागावा की १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील इथे उतरून राज्याभिषेकाच्या रायगडाकडे गेला. ६ जूनला गडावर जाणारी आपली पोरं मोटारसायकली घेऊन निघतात, त्यांना कळू दे की ही वाट आपल्या दारातून जायची.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात आणि २५ डिसेंबर २०२७ ला मनुस्मृती दहनाला. महाडला तर देशभरातून माणसं येतीलच. पण परिषद ‘कुलाबा जिल्हा’ या नावाने भरली होती. मग तो दिवस रोहा-अष्टमीत, पेणला, अलिबागला का साजरा होऊ नये? आणि तो फक्त बौद्धवाड्यांनी का करावा? शिवजयंती, गणपती, पालखी करणाऱ्या सगळ्या मंडळांनी मिळून तो केला तर खऱ्या अर्थाने जिल्ह्याचा उत्सव होईल. त्या दिवशी गावातल्या एका सार्वजनिक विहिरीवर किंवा पाणवठ्यावर सगळ्या आळ्यांतली माणसं जमावीत, पाणी काढावं आणि आधी ते त्यांच्या हातात द्यावं ज्यांच्या पणजोबांना ते नाकारलं गेलं होतं. भाषणं कमी झाली तरी चालतील.

तयारीला वेळ हातात आहे तोवरच बैठक बोलवा. वर्गणीची पावती पुस्तकं छापायच्या आधी हा विषय निघाला पाहिजे. तुमच्या आळीत, तुमच्या गावात कोणाचा कुठला मान आहे, तो कधीपासून आहे आणि कोणी कधी तो नाकारला किंवा परत केला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. ती माणसं आहेत तोवर विचारता येईल.